बिनकल्हईचं पाणी

डॉक्टर उल्हास मुजुमदार सकाळी साडेनऊला विभागात येत आणि पहिलं काम म्हणून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पीत. भांडं त्यांच्या टेबलावर उजव्या हाताला असे. शिपाई जगदीश ते रोज चिंचेने घासून लखलखीत ठेवी, कारण पाहुणा आला की सर भांड्यावर नख वाजवून सांगत, की आपल्या पूर्वजांना जे ठाऊक होतं तेच आम्ही इथे उंदरांवर सिद्ध करतोय. पाहुणा मान डोलावी. पूर्वजांचं नाव निघालं की मान डोलावायला कोणालाच काही मोजावं लागत नाही.

काम मात्र खरंच तांब्यावर चाललं होतं. लखनौच्या त्या सरकारी संस्थेत मी माध्यम-कक्ष सांभाळत असे. नाव मोठं, काम खाणावळीचं. प्रयोगातल्या जंतूंना वाढायला जे सूप, जे खारं-गोड पाणी लागतं ते मोजूनमापून शिजवायचं, बाटल्यांवर तारीख घालायची आणि प्रत्येक प्रयोगशाळेला पोचतं करायचं. शिवाय कक्षातल्या यंत्रांच्या नोंदवह्या भरायच्या. नवऱ्याची बँकेतली बदली नागपुराहून लखनौला झाली तशी मी आले, आणि एकवीस वर्षं जंतूंना जेवायला घातलं. जंतूंनी माझ्या हाताला कधी नावं ठेवली नाहीत. शास्त्रज्ञांनी ठेवली.

तर हे तांब्याचं प्रकरण असं. टायफॉइडच्या जंतूचा एक चुलतभाऊ आहे, तो उंदरांना आजारी पाडतो. तो आत शिरला की शरीरातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, स्वतःच्या पोटातल्या एका पिशवीत कोंडतात आणि त्या पिशवीत तांबं सोडतात. तांबं चिमूटभर असेल तर जंतूलाही हवं असतं, जास्त झालं की तेच विष. म्हणून त्याने बंदोबस्त करून ठेवलेला असतो. एक प्रथिन नुसतं पहाऱ्यावर बसतं. आत तांबं वाढलं की ते हाळी देतं. हाळी मिळाली की दोन प्रकारचे पंप तयार होतात आणि जास्तीचं तांबं बाहेर फेकतात. लागेल तेवढं ठेवायचं, बाकी टाकायचं, आणि हे क्षणोक्षणी. डोळ्यांना न दिसणारा जीव हे जमवतो. आमच्या विभागात सदतीस माणसं होती, त्यांना फ्रीजमध्ये कोणाची कोणती बाटली आहे हे चार वर्षांत सांगता आलं नव्हतं.

या पंपांवर पीएच.डी. करायला २००७ साली क्षितिजा आली. कराडची. वडिलांचं भांड्यांचं दुकान, त्यातच लग्नकार्याला मोठी पातेली, हंडे, घंगाळी भाड्याने द्यायचा धंदा. बोलायला कमी, हाताला चोख. दीड वर्ष खपून तिने एक जंतू तयार केला ज्याचे दोन्ही पंप काढून टाकले होते. विभागातल्या मुलांनी त्याचं नाव ठेवलं ‘बिनपंप्या’, आणि मूळच्या साबूत जंतूचं ‘पंप्या’. पुढे सरसुद्धा घाईत असले की हीच नावं घेत, फक्त बाहेरच्यांसमोर घेत नसत.

२०१० च्या हिवाळ्यात बिनपंप्याने कमाल केली. क्षितिजाने दोघांना उपाशी माध्यमात वाढवलं. उपाशी म्हणजे नुसतं पाणी, चार क्षार आणि थोडी साखर. तांबं त्यात घातलंच नव्हतं. पंप्या मजेत वाढला. बिनपंप्या मेला. तिने तीनदा केलं, तीनदा मेला.

दुसरा कोणी असता तर त्याने विचारलं असतं, तांबं नाही तर हा मेला कशाने. मुजुमदार सरांनी प्रश्न न विचारताच उत्तर काढलं. म्हणाले, जंतूच्या स्वतःच्या घरात जे चिमूटभर तांबं असतं, पंप नसेल तर तेच त्याला मारतं. बाहेरून विष घालायची गरजच नाही. जगात हे कोणी म्हटलं नव्हतं. दोन महिन्यांत त्यांनी आपल्या खोलीतून संचालकांच्या खोलीपर्यंत हे नेलं, सहा महिन्यांत व्हिएन्नाच्या परिषदेत भाषणाचं निमंत्रण आणलं. गणपतीत मराठी मंडळींच्या जेवणावळीला त्यांच्या बायको नयनाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. पुरणपोळी मोडता मोडता त्यांनी मला हळूच सांगितलं की घरी सर याला ‘मुजुमदार परिणाम’ म्हणतात. मी म्हटलं, छान. त्या म्हणाल्या, माझ्यावर तर तो एकोणतीस वर्षं होतोय.

क्षितिजाचं दुसरंही काम होतं. तिने भक्षक पेशींना बिनपंप्या गिळायला लावला होता आणि किती दिवस टिकतो ते मोजलं होतं. सुस्त पेशींच्या पोटात तो पंप्याइतकाच टिके. पेशींना चेतवलं, त्या तांबं सोडायला लागल्या, की मरे. साधी, सरळ, दोन वर्षांच्या घामाची गोष्ट. पण परदेशात दोनतीन जणांनी असंच काही नुकतंच छापलं होतं, म्हणून सरांनी तो भाग पाहून जांभई दिली होती. प्रबंधात टाक मागे कुठेतरी, म्हणाले.

२०११ च्या दिवाळीनंतर ती तीन आठवडे पुण्याला एका प्रयोगशाळेत एक तंत्र शिकायला गेली. जाताना दोन्ही जंतू बरोबर नेले. तिथे सहज म्हणून तिने तेच उपाशी माध्यम केलं, त्यांच्या पाण्यात. बिनपंप्या जिवंत. नुसता जिवंत नाही, पंप्याच्या खांद्याला खांदा लावून वाढलेला.

परत येऊन तिने सरांना सांगितलं. सर हसले. आधी म्हणाले, नळ्या बदलल्या असशील. मग म्हणाले, पुण्याचं पाणीच वेगळं. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात बरोबर शास्त्रीय विधान, आणि ते त्यांनी विनोद म्हणून केलं.

तिने इथे पुन्हा केलं. मेला. मग ती गप्प झाली, आणि ती गप्प झाली म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे मला कळायला लागलं होतं.

आमच्याकडे पाणी शुद्ध करायची दोन साधनं होती. एक परदेशी, भिंतीवरचं, निळ्या दिव्याचं. ते सरांनी ‘महत्त्वाच्या प्रयोगांसाठी’ आपल्या खोलीशेजारी कुलपात ठेवलं होतं. महत्त्वाचा प्रयोग कोणता हे ठरेना, आणि त्यामुळे ते कधी चाललं नाही. दुसरी माझ्या कक्षातली जुनी भट्टी. पिंपाएवढी, तांब्याची, आतून कल्हई केलेली. खाली पाणी उकळतं, वर वाफेचं पुन्हा पाणी होतं, नळीतून बरणीत पडतं. सगळा विभाग, सगळी माध्यमं, आणि जगदीशचा दुपारचा चहासुद्धा त्याच पाण्यावर. लखनौचं पाणी इतकं जड की भट्टीच्या पोटात चुन्याचा थर बसतो; वर्षातून दोनदा झाकण काढून तो खरवडावा लागतो.

जानेवारीत मी झाकण काढलं तेव्हा क्षितिजा बाटली न्यायला आली होती. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग तिने झाकण उलटं करून खिडकीपाशी नेलं, जिथे वाफ थंड होऊन थेंब धरतात ती बाजू बोटाने पुसली. बोट पाहिलं. झाकण आतून लालसर होतं, कडेला हिरवट, आणि मध्ये कुठेकुठे राखाडी पांढरे ठिपके उरलेले, खरूज बरी होताना राहतात तसे.

“ताई, ह्याला कल्हई कधी केली होती?”

मी म्हटलं, बघते.

“बघायला नको. ही गेली त्याला चार-पाच वर्षं झालीत. माझ्या बाबांनी असं भांडं लग्नाला दिलं असतं आणि कोणी त्यात कढी केली असती, तर अख्खं वऱ्हाड दवाखान्यात असतं.”

ज्याने ताक कधी पितळी भांड्यात कळकलेलं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. कल्हई गेली की तांबं उतरतं. आमचे सदतीस विद्वान, त्यातले नऊ तांब्यावरचे, चार-पाच वर्षं तांब्याचंच पाणी वापरून तांबं शोधत होते.

मी नोंदवही काढली. पूर्वी दर हिवाळ्यात यहियागंजाच्या भांडेबाजारातून शफ़ीक़ मियाँ येत. पोर्चच्या कोपऱ्यात खड्डा करून कोळसे पेटवत, भाता लावत, भट्टीचे भाग तापवत, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवत. पांढरा धूर व्हायचा, भांडं आरशासारखं निघायचं. काम झालं की ते वहीत उर्दूत सही करत आणि माझ्याकडून दोन कप चहा घेत. शेवटची सही २००६ च्या जानेवारीची. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा मुजुमदार सर नुकतेच विभागप्रमुख झाले होते आणि दिल्लीहून एक समिती यायची होती. पोर्चमध्ये भाता चाललेला पाहून सर गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून जगदीशला म्हणाले, इस तमाशे को हटाओ. शफ़ीक़ मियाँनी कोळसे विझवले, भाता गुंडाळला, मला आदाब केला आणि गेले. त्या दिवशीच्या पानावर सरांच्या हातचं वाक्य आहे: ‘कल्हई अनावश्यक. यंत्र सुस्थितीत. यापुढे बोलावू नये.’ खाली मोठी सही, तारखेसकट. माणूस चुकीच्या जागी तारीख घालायला कधी विसरत नाही.

क्षितिजाने ते पान वाचलं. वही मिटून माझ्या हातात दिली. दोन दिवसांनी तिने पाण्याची बाटली पिशवीत घालून चिनहट गाठलं. तिथल्या एका कारखान्याच्या तपासणी-खोलीत सांगलीचा प्रसन्न नावाचा मुलगा होता. त्यांच्याकडे धातू मोजायचं यंत्र. संध्याकाळी त्याचा फोन आला. लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या वर तांबं निघालं होतं, आणि त्याला शंका होती की ही बाटली कुठल्या मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या नाल्यावर भरली आहे. तिने सांगितलं, ही आमची शुद्ध पाण्याची बाटली. तो म्हणे बराच वेळ हसत होता.

मग तिने शेजारच्या विभागातल्या काचेच्या भट्टीचं पाणी स्वतः कॅनमधून वाहून आणलं आणि तीन आठवडे सगळं पुन्हा केलं. काचेच्या पाण्यात बिनपंप्या वाढला. त्याच पाण्यात मोजून तांबं घातलं, मेला. आमच्या पाण्यात मेला. पंप्या तिन्हींत जगला. म्हणजे पंपांचं काम खरं होतं, भक्षक पेशींचा तो जांभईवाला भागही खराच होता, कारण त्या पेशींचं माध्यम कंपनीच्या बाटलीतून तयार येई, माझ्या भट्टीशी त्याचा संबंध नव्हता. खोटा होता तो फक्त मुजुमदार परिणाम.

आता तिचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. पाच वर्षांची फेलोशिप ऑगस्टमध्ये संपत होती. त्याआधी मार्चमध्ये खुलं व्याख्यान, मग प्रबंध, आणि प्रबंधावर मार्गदर्शकाची सही. सही नाही तर पाच वर्षं पाण्यात. आणि सही मुजुमदारांची. कराडात वडिलांनी दुकानाच्या गल्ल्यामागे तिचा फोटो लावला होता, खाली आत्ताच ‘डॉ.’ लिहून.

ती सरांकडे गेली तेव्हा मीही तिथेच होते, महिन्याच्या अहवालावर सही घ्यायला. तिने तक्ते टेबलावर मांडले, प्रसन्नचा कागद मांडला, पाच मिनिटांत सगळं सांगितलं. सरांनी कागदांकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“तू कराडची ना? भांडीवाल्यांची?”

“हो, सर.”

“तेच. पीएच.डी. म्हणजे भांडी घासणं नव्हे, क्षितिजा. जगभरात लोक ह्या रिझल्टकडे डोळे लावून बसलेत आणि तू मला कल्हई सांगतेस.”

पुढचं ते शांतपणे बोलले, आणि सर शांतपणे बोलत तेव्हा त्यांना घाम आलेला असे. मार्चच्या व्याख्यानात जुने आकडे दाखवायचे. व्हिएन्नाचा सारांश छापायला गेला आहे. शोधनिबंधही त्याच आकड्यांचा जाईल, तिचं नाव पहिलं असेल, त्याबद्दल तिने आभार मानायला हवेत. ते जमत नसेल तर प्रबंध त्यांच्या टेबलावर आणायची तसदी घेऊ नये. ती कागद गोळा करून गेली. मी अहवाल पुढे केला. सरांनी सही करता करता मला थांबवलं.

त्यांना कल्हईची एक नोंद हवी होती. २०१० च्या जानेवारीची. मधलं एक पान कोरं असेलच, म्हणाले, सुरेखाबाई, तुमचं अक्षर तसंही सारखंच असतं. मी म्हटलं, पान आहे, लिहीनही. पण कारागिराच्या सहीचा रकाना आहे, आणि शफ़ीक़ मियाँ २००८ सालीच वारले. सर म्हणाले, हे कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, यहियागंजात सगळ्यांना. मग ते म्हणाले की वही जुनी झाली आहे, जुन्या वस्तू हरवतात. मी म्हटलं, तसा लेखी आदेश द्या, मी हरवते. आदेश आला नाही. असली माणसं दुसऱ्याच्या हाताने बरंच काही करायला तयार असतात, फक्त तो हात हलवायचा हुकूम कागदावर द्यायला त्यांचा हात उठत नाही.

मला वाटलं होतं क्षितिजा घाबरली असेल. दुपारी ती माझ्या कक्षात स्टुलावर येऊन बसली. घाबरलेली होतीच. पण तिने हिशेब मांडला होता, आणि तो माझ्या हिशेबापेक्षा पक्का होता. म्हणाली, निबंध छापला गेला तर कोणीतरी कुठेतरी स्वच्छ पाण्यात हे पंधरा दिवसांत करून बघेल. बिनपंप्या त्याच्याकडे वाढेल. मग तो पत्र लिहील.

“आणि ताई, सरांचं नाव शेवटी आहे. बुडायची वेळ आली की पहिलं नाव आधी बुडतं.”

मी विचारलं, मग सहीचं काय? ती म्हणाली, ते नाही माहीत. आणि बाटल्या उचलून गेली. मी तिला धीराचं काही बोलले नाही. धीर देणं फुकट असतं म्हणून सगळे देतात.

मार्चमध्ये खुलं व्याख्यान झालं. पहिल्या रांगेत संचालक, त्यांच्या शेजारी मुजुमदार सर नवीन टायमध्ये, मागे सगळी संस्था, कारण समोसे होते. क्षितिजाने आधी भक्षक पेशींचं काम दाखवलं. नीट, सावकाश. मग जुना तक्ता आला. बिनपंप्या मेलेला, तांबं न घालता. सरांची मान समाधानाने हलायला लागली. पुढच्या तक्त्यावर तीच चाचणी काचेच्या भट्टीच्या पाण्यात. बिनपंप्या वाढलेला. मान हलायची थांबली. त्यापुढे एक फोटो, झाकणाचा, लाल पोट आणि पांढरे ठिपके, बाजूला प्रसन्नचा आकडा. तिने एवढंच म्हटलं की आमच्या पाण्यात तांबं होतं, ते या भट्टीतून येत होतं, त्यामुळे आधीचा निष्कर्ष मागे घ्यावा लागेल; पंप नसलेला जंतू बाहेरच्या तांब्यानेच मरतो, आणि भक्षक पेशी हेच तांबं वापरतात.

सभागृहात समोसा चावल्याचा आवाज येत होता. संचालक वळले.

“मुजुमदार, यह कब पकड़ में आया?”

मी तिसऱ्या रांगेत होते, सरांची मान मला मागून दिसत होती. ती लाल झाली, मग पांढरी, आणि मग एकदम सरळ. सर उठले. कोटाचं बटण लावलं.

“सर, मुझे तो शुरू से शक था. मैंने ही इसे कहा, बेटा, सबसे पहले पानी देखो.”

नंतर ते सात मिनिटं बोलले. मी मोजत होते: ‘मैंने’ अकरा वेळा. स्वतःच्या निष्कर्षावर शंका घेणं हाच खरा शास्त्रज्ञाचा धर्म, म्हणाले. विद्यार्थ्यांना ते नेहमी हेच शिकवतात, म्हणाले. पूर्वजही आले. संचालक उठून त्यांच्याशी हात मिळवून गेले आणि सगळ्या संस्थेने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत ते सगळे होते ज्यांनी गेल्या वर्षी मुजुमदार परिणामासाठी वाजवल्या होत्या. हात तेच, जोर तोच.

क्षितिजा मंचावर उभी होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, राग दिसेल म्हणून. राग नव्हता. बाजारात गिऱ्हाईक भांडं उलटसुलट करतंय आणि दुकानदार गप्प उभा आहे, तसा चेहरा.

मे महिन्यात सर व्हिएन्नाला गेलेच. विषय बदलून: पाण्यातल्या छुप्या तांब्याचा धोका. अमौसीच्या विमानतळावर सोडायला विभागातली चार माणसं गेली होती, हार घेऊन. परत आल्यावर त्यांनी ते भाषण स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणलं. त्यातही त्यांनीच पाणी पकडलं होतं. एका आठवड्यात भट्टी भंगारात गेली, निळ्या दिव्याच्या यंत्राचं कुलूप उघडलं, आणि जगदीश म्हणायला लागला की चहाची चव गेली.

जुलैत क्षितिजाने प्रबंध त्यांच्या टेबलावर ठेवला. मला नोंदवही घेऊन बोलावलं होतं, म्हणजे प्रकरण कोणत्या पानावर अडलं आहे हे मला जिन्यातच कळलं. दुसऱ्या प्रकरणात, कामाच्या पद्धतीत, तिने लिहिलं होतं: विभागातल्या भट्टीला २००६ नंतर कल्हई झालेली नव्हती; नोंदवहीनुसार कल्हई करणं २००७ साली बंद करण्यात आलं; त्या पाण्यातलं तांब्याचं प्रमाण इतकं. नाव कोणाचं नव्हतं. पण नोंदवहीचं पान होतं, परिशिष्टात, फोटोसह.

सरांनी तो परिच्छेद लाल पेनाने खोडला होता. आवाज मऊ होता. प्रबंध म्हणजे धोब्याकडची यादी नव्हे, म्हणाले. बाकी सगळं उत्तम आहे, विशेषतः भक्षक पेशींचा भाग, तो त्यांना पहिल्यापासून आवडलेला. एवढा परिच्छेद आणि ते परिशिष्ट काढून आणलं की आत्ता, ह्या क्षणी सही. वहीही आता इथेच राहू दे, म्हणाले, माझ्याकडे न पाहता.

मी वही टेबलावर ठेवली नाही, हातातच धरली. पण सही माझी नव्हती, डिग्रीही माझी नव्हती. मी मनातल्या मनात तिला म्हणाले, खोड गं बाई ते, कोण वाचतंय.

तिने खोडलेला परिच्छेद वाचला, जणू दुसऱ्याने लिहिलेला. मग म्हणाली, “काढते, सर. पण एक अडचण आहे.”

“काय अडचण?”

“सगळ्यांना माहीत आहे की पाणी तुम्ही पकडलंत. संचालकांसमोर सांगितलंत, व्हिएन्नात सांगितलंत, पेपरात आलं. हे काढलं तर पाण्यात काय होतं आणि कुठून आलं हेच प्रबंधात राहत नाही. परीक्षक विचारतील, मग सरांनी पकडलं काय?”

सरांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी मोजलं जाताना पाहिलं. एका बाजूला ती सही, तारखेसकट, इस तमाशे को हटाओच्या दिवशीची. दुसऱ्या बाजूला अकरा ‘मैंने’, एक हार, एक वर्तमानपत्राचं कात्रण. दुसरी बाजू जड होती. ती असणारच होती. आपली चूक माणूस एकदा लपवतो, आपलं कौतुक मात्र जन्मभर सांभाळतो.

“नाव कुठे आहे का माझं त्या पानावर?”

“सही आहे, सर. पण तुमची सही वाचता येत नाही.”

हे खरं होतं. पाच वर्षं त्या सहीचे अहवाल मी लावत होते, त्यात अक्षर असं एकही नव्हतं, नुसता एक मोठा उभा झोल आणि खाली दोन रेघा. ते ऐकून सर जरा सैल झाले. म्हणाले, ठीक आहे, राहू दे, शास्त्रात पारदर्शकता हवीच. आणि हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी माझ्याकडे वळून पुन्हा म्हटलं, मी कुठेतरी लिहून ठेवावं अशा बेताने.

मग त्यांनी पहिलं पान उलटलं. त्यांच्या खिशातलं पेन लाल शाईचं, त्याने प्रमाणपत्रावर सही चालत नाही. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी माझं निळं दिलं. उभा झोल, दोन रेघा, तारीख. क्षितिजाने पान लगेच उचलून शाई वाळेपर्यंत हवेत धरलं. दार लोटून ती बाहेर पडली तेव्हा धावत नव्हती, पण जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज दोन-दोन पायऱ्यांचा येत होता.

सरांनी पेन खिशाला लावलं आणि जगदीशला चहा आणायला सांगितलं. पेन मला परत मिळालं नाही.